‘डॉक्टर, मी काहीच खात नाही’

(तालुक्याच्या गावातील एका वाचनालयात डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय ‘वजन का उतरत नाही?’ बाहेरच्या फळ्यावर त्याच्याखाली कुणीतरी खडूनं ‘आणि कसं उतरेल?’ असंही लिहून ठेवलंय. मी पहिल्या प्रश्नावर बोलेन. दुसऱ्याची हमी देणारे तीन फलक आपल्या एसटी स्टँडसमोर आहेत, त्यातला एक तर महिन्यात दहा किलोची हमी देतो.

तीस वर्षं दवाखाना चालवतोय. या विषयावर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच: ‘डॉक्टर, मी काहीच खात नाही.’ सुरुवातीची कितीतरी वर्षं हे ऐकलं की मी मनातल्या मनात हसायचो. मग एका बाईंनी माझं हसू घालवलं.

वय बावन्न, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो, गुडघे धरलेले. मी त्यांना दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, तोंडात जाईल ते सगळं आठवडाभर लिहायचं. त्यांनी लिहिलं, अगदी शाळेतल्यासारखं समास आखून. सकाळी चहा आणि एक पोळी, दुपारी दोन पोळ्या, भाजी, आमटी, मूठभर भात, रात्री एक भाकरी. बेरीज बाराशे कॅलरींच्या आत. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. मी सहज विचारलं, ‘काल रात्री नातवाच्या ताटात काही राहिलं होतं का?’

‘राहिलं होतं की. अर्धी तूप-साखरेची पोळी आणि थोडा शिरा.’

‘मग?’

‘मग काय? टाकून द्यायचं का?’

ते वहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते खाणंच नव्हतं, ती आवराआवर होती. मग एकेक निघत गेलं. मुलाच्या डब्यातून परत आलेली भाजी. कढईच्या तळाला चिकटलेली, सगळ्यात खरपूस आणि सगळ्यात तेलकट खिचडी. कुटासाठी दाणे भाजताना तोंडात टाकलेले चार दाणे. चार चार करत मूठ होते, आणि मूठभर दाण्यांच्या दीडशेच्या वर कॅलरी होतात. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत वाढलेली आपली पिढी. पण घरातलं उरलेलं पूर्णब्रह्म कुणाच्या पोटात जातं, ते एकदा आपापल्या घरी बघा.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच लोकांवर एक अभ्यास झाला. ही मंडळी सांगत होती, आम्ही बाराशे कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन हलत नाही. संशोधकांनी त्यांना खुणेचे अणू असलेलं पाणी प्यायला दिलं. ते शरीरातून किती वेगानं बाहेर पडतं ते मोजलं की माणूस रोज खरोखर किती ऊर्जा खर्चतो ते कळतं, तोंडी जबाबाची गरज उरत नाही. निघालं असं, की त्यांचं चयापचय नीट होतं. प्रत्यक्ष खाण्याच्या जवळजवळ निम्मं, म्हणजे ४७ टक्के, नोंदवलंच गेलं नव्हतं, आणि हालचाल मात्र ५१ टक्के जास्त सांगितली गेली होती. या लोकांना लबाड ठरवायला हा अभ्यास वापरला जातो. मला त्यात लबाडी दिसत नाही. आपण काय खातो ते आपल्यालाच दिसत नाही, एवढंच मला त्यात दिसतं.

न दिसणाऱ्यात पहिला नंबर तेलाचा. ‘तळलेलं बंद केलंय’ असं सांगणाऱ्या माणसाला मी पुढचा प्रश्न विचारतो: घरात महिन्याला तेल किती लागतं? पुरुषांना हे माहीत नसतं, ते बायकोकडे बघतात. चार माणसं, पाच लिटरचा कॅन, हे उत्तर नेहमीचं. आता हिशोब करा. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. तीस दिवस, चार माणसं. माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर ३४० कॅलरी, आणि यात तूप, लोणी, दाण्याचं कूट, खोबरं काहीच धरलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम असं वरून घालायच्या तेल-तुपाचं माप सुचवलं होतं. तुम्ही म्हणाल, तळणीचं तेल काही सगळं पोटात जात नाही. खरंय. पण ते उरलेलं आपण फोडणीला वापरतो, ओतून कोण देतं?

हे सांगायला लागल्यावर मी आमच्या घरची पळी मोजली. काठोकाठ भरली तर तिच्यात चहाचे चार चमचे तेल बसतं, म्हणजे १६० कॅलरी. भाजीला एक पळी, आमटीच्या फोडणीला एक. पळी माझ्या आईच्या वेळची आहे. त्या पळीत तेव्हा अकरा माणसांची आमटी व्हायची, आता तिघांची होते. माणसं कमी झाली, पळी तीच राहिली.

उपवासाबद्दल फार बोलत नाही, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, वरून तूप, बटाटा. प्रथिनांचा त्यात वाटा थोडा, त्यामुळे चार वाजता पुन्हा भूक. चहाचंही तसंच. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, झाल्या १६० कॅलरी. नदीकाठी पाऊण तास चालून तुम्ही साधारण तेवढ्याच खर्च करता, आणि चालून झाल्यावर टपरीवर सगळा गट पोहे खातो ते मी रोज सकाळी बघतो. त्या गटात मीही असतो, म्हणून नावं सांगत नाही. चालणं सोडू नका. साखर, रक्तदाब, झोप, मन, सगळ्याला ते चांगलं. फक्त वजनाचं सगळं ओझं चालण्यावर टाकू नका.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घराघरात दोन पक्ष पडले होते, आठवतंय? दीक्षित की दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर सांगत होत्या थोडं थोडं, दर दोन तासांनी. दोन्हीकडचे अनुयायी माझ्याकडे आले, दोन्हीकडे वजन उतरलेले पाहिले, दोन्हीकडे परत चढलेलेही पाहिले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ माणसांवर असाच सामना लावला होता, तिथे पक्ष होते कमी स्निग्ध (म्हणजे तेल-तूप कमी) आणि कमी पिष्ट (म्हणजे भात-पोळी-साखर कमी). निकाल २०१८ साली आला. वर्षभरानंतर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. म्हणजे बरोबरीच. पण दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलो उतरवले होते आणि कुणाचे पाच-सात किलो वाढले होते. प्रश्न पथ्याच्या नावाचा नव्हता, ते कुणाला पाळता आलं त्याचा होता.

आणि पाळता कुणाला येतं? माझं निरीक्षण सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. ज्याला ताट वाढून मिळतं, त्याला नियम पाळणं सोपं जातं. ‘मला आज फक्त ताक आणि भाकरी’ असं सांगून तो मोकळा होतो. जी दिवसातले चार तास ओट्यापाशी उभी असते, मीठ बघायला आमटी तळहातावर घेते, सासऱ्यांना अळणी, मुलाला तिखट आणि नातवाला गोड करते, तिनं ५५ मिनिटांची खिडकी कशी सांभाळायची? वजन एकट्याच्या काट्यावर दिसतं, पण बरंचसं ते घराच्या ओट्यावर ठरतं.

समजा हे सगळं सांभाळलं. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो गेले, घरात पेढे (पेढेच!) वाटले गेले. त्यात बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं, खाणं तोडलं की आधी तेच जातं. मग काटा मंदावतो आणि माणूस हिरमुसतो. त्यानंतर शरीर आपला हिशोब सुरू करतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. हे युद्धाला नकार देऊन स्वेच्छेनं प्रयोगात आलेले धडधाकट तरुण. वजन चौथाईनं उतरलं, पण हृदयाचे ठोके मंदावले, सतत थंडी वाजू लागली, माणसं ताटं चाटू लागली आणि पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. दिवसरात्र डोक्यात अन्न. यात कुणाची इच्छाशक्ती कमी होती म्हणता?

टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ चा. उतरलेलं बरंचसं वजन परत आलं होतं, पण शरीराचा विश्रांतीतला खर्च परत आला नव्हता. त्यांच्या आकारमानाच्या माणसाचा जितका असायला हवा त्यापेक्षा तो रोज ५०० कॅलरींनी कमी होता. लाखो वर्षं दुष्काळ बघितलेलं शरीर आहे ते. तुम्ही लग्नासाठी बारीक होताय हे त्याला कसं कळणार? त्याला वाटतं पाऊस पडला नाही.

आपल्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे, आणि ती जगासमोर मांडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनाचा काटा दोघांना एकच शेरा देत होता. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची, तरी आपल्या बाळांत स्नायू कमी पडले होते, चरबी त्यामानानं टिकून होती, हेही याज्ञिकांच्याच गटानं दाखवलं. स्नायूंची आधीच तूट असलेलं शरीर आपण उपाशी ठेवतो. तेव्हा स्नायूही झिजतात, आणि वजन परत येतं ते मुख्यतः चरबीचं. म्हणून मी काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर जास्त विश्वास ठेवतो. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९०. आणि डाळ, उसळ, दही, अंडी, जे चालत असेल ते ताटात वाढवा, थोडं वजन उचला. पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनीही सुरुवात होते.

थायरॉइडबद्दल तीन चिठ्ठ्या आल्यात. त्यानं वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही पाणी बरंच. गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, आणि वीस किलो जास्त असतील, तर त्या बिचाऱ्या ग्रंथीला सोडून द्या. याउलट इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं खरोखर वजन वाढवतात आणि ते पेशंटला कुणी सांगत नाही, तो स्वतःला दोष देत बसतो. औषध आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा की पर्याय आहे का. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचंही विचारलंय. ती काम करतात, भूक खरंच शमते. पण त्यातलं सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं दिसलंय. महिन्याचा खर्च विचारताना किती वर्षांचा, तेही विचारा.

त्या वहीवाल्या बाईंचं राहिलं. त्यांना मी कुठलंच पथ्य दिलं नाही. पाचाऐवजी तीन लिटरचं तेल भरायला सांगितलं, पळी बदलून चमचा आणायला लावला, आणि नातवाला आधी अर्धंच वाढायचं ठरलं. पहिले दोन महिने घरात भाजीवरून कुरबुर झाली, मग विसरले सगळे. दीड वर्षात त्यांचे पाच किलो उतरले. परवा यजमान आले होते खोकल्यासाठी, काट्यावर उभं केलं तर त्यांचे सहा उतरलेले. म्हणाले, ‘काही कळत नाही डॉक्टर, मी तर काहीच केलं नाही.’