वादळ बंदरात, फटका निफाडला

नमस्कार मंडळी.

नाशिकपासून समुद्र बराच लांब, मधे अख्खा सह्याद्री उभा. तरी आपल्या जिल्ह्याचं अर्धं गणित समुद्रावर चालतं. निफाड-दिंडोरीची द्राक्षं, लासलगाव-पिंपळगावचा कांदा, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले सुटे भाग, यातला परदेशी जाणारा बहुतेक माल कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदरात जातो. वादळ आलं की टीव्हीवर मरीन ड्राइव्हच्या लाटा दाखवतात. त्या वेळी आपला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, कुठे उभा आहे, हे कोणी दाखवत नाही. आज तेच बघू.

एक गोष्ट आधीच सांगतो. वादळात जहाज बुडून माल गेला, असं फार क्वचित होतं. आपला माल मरतो तो उशिरानं. आणि त्या उशिराचे पैसे कोण भरणार, हे बहुतेक कागदांवर तुमच्या-माझ्या विरोधात आधीच लिहून ठेवलेलं असतं.

(पडद्यावर: अरबी समुद्राचा नकाशा)

बंदर बंद होतं म्हणजे काय होतं? हवामान विभागाचा इशारा आला की बंदरावर बावटा चढतो. 1 ते 11 असे क्रमांक असतात, 8 ते 10 म्हणजे महाधोका. पण कामं त्याच्या कितीतरी आधीच थांबायला लागतात. मोठं जहाज स्वतःहून धक्क्याला लागत नाही. बंदराचा पायलट छोट्या बोटीतून जातो, दोराच्या शिडीनं जहाजावर चढतो आणि मग ते आत आणतो. लाट उंच झाली की ती शिडी चढणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून पायलटचं काम सर्वांत आधी थांबतं. मग क्रेन. धक्क्यावरच्या उंच क्रेन वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की थांबवून जमिनीला जखडून टाकतात. आणि चक्रीवादळ खरंच अंगावर येणार असेल, तर धक्क्याला बांधलेली जहाजंसुद्धा खोल समुद्रात पाठवतात. ऐकायला उलटं वाटतं. पण धक्क्याला आपटत राहण्यापेक्षा मोकळ्या पाण्यात जहाज जास्त सुरक्षित असतं.

2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते आठवा. 17 मे रोजी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. समुद्रात पी-305 हा बार्ज, म्हणजे सपाट बुडाची बोट, बुडाला, कितीतरी कामगार गेले. त्या माणसांपुढे आपल्या मालाचा हिशेब लहानच आहे, हे मनात ठेवूनच पुढचं बोलतो. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं, 15 तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. कांडला आणि मुंद्रा, दोन्हीकडचं काम थांबवावं लागलं.

वादळ एक-दोन दिवसांत निघून जातं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, आणि इथेच नीट लक्ष द्या.

बंदर उघडतं तेव्हा बाहेर जहाजांची रांग लागलेली असते. एरवी अंतराअंतरानं येणारी जहाजं एकदम येतात. धक्के तेवढेच, क्रेन तेवढ्याच. यार्डात कंटेनरवर कंटेनर. रीफरला वीज देणारे प्लग ठरावीकच असतात, ते भरले की नवा रीफर आत घ्यायलाच नकार. जहाज कंपनीला पुढच्या बंदराची तारीख गाठायची असते, म्हणून काही जहाजं आपलं बंदर गाळून पुढे निघून जातात. तुमचं बुकिंग मग पुढच्या जहाजावर ढकललं जातं. जे जहाज आलंच नाही, त्यावरचे रिकामे रीफर कंटेनरही आले नाहीत. म्हणजे ज्यांचा माल अजून वेलीवर आहे, त्यांनाही पुढच्या आठवड्यात कंटेनर मिळत नाही. वादळ कुठे होतं आणि दणका कुठे बसला, बघा!

आता कोणी म्हणेल, द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, तेव्हा अरबी समुद्रात चक्रीवादळ कुठे असतं? बरोबर आहे. आपल्याकडची वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. पण द्राक्षं उतरतात नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, आणि तिकडे तो ऐन हिवाळा. उत्तर समुद्रातली वादळं याच महिन्यांत होतात. रॉटरडॅमच्या तोंडाशी मासलांट नावाचा प्रचंड दरवाजा आहे, समुद्राचं पाणी चढलं की बंद होणारा. 21 डिसेंबर 2023 रोजी पाणी इतकं चढलं की तो पहिल्यांदाच आपोआप बंद झाला. दरवाजा बंद म्हणजे त्या वाटेनं जहाजांची ये-जाही बंद.

कांद्याचं गणित वेगळं. चाळीतला उन्हाळ कांदा पावसाळ्यात बाहेर पडतो, कोलंबो, दुबई, मलेशियाकडे जातो. त्याला आधी आपला घाटच आडवा येतो. 2021 च्या जुलैत, 21-22 च्या रात्री, कसारा घाटात दरड आली, उंबरमाळी स्टेशनचे रूळ पाण्याखाली गेले. दमट हवेत गाडीतच अडकलेल्या कांद्याला आधी घाम सुटतो, मग वास येतो. आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 पासून सुरू आहे, बोगद्यांमुळे घाटाचा ताण कमी झाला. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण आमण्याच्या पुढे बंदरापर्यंत तीच गर्दी आणि तेच पावसाचं पाणी.

पाणी जास्त झालं तरच अडचण होते असंही नाही. पनामा कालवा गोड्या पाण्यावर चालतो, गाटुन तलावाच्या. एक जहाज पार करायला साधारण 19 ते 20 कोटी लिटर पाणी समुद्रात सोडावं लागतं. 2023 मध्ये एल निनोच्या वर्षी तिथे पाऊस फारच कमी पडला. एरवी दिवसाला 36 ते 38 जहाजं जायची, ती वर्षाअखेर 22-24 वर आणावी लागली. जर्मनीत ऱ्हाइन नदी 2018 आणि 2022 मध्ये इतकी आटली की बार्ज अर्धे रिकामे चालवावे लागले. आणि 2021 च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी पडली, तिथले रासायनिक कारखाने गोठून बंद झाले, जगभर पीव्हीसीचे, म्हणजे पाइप बनवायच्या प्लास्टिकचे, भाव चढले. सिन्नरच्या शेतकऱ्याच्या पाइपलाइनचा दर टेक्ससच्या थंडीला बांधलेला असतो, हे तेव्हा कळलं.

आता पुन्हा द्राक्षाकडे येतो, कारण उशीर म्हणजे काय हे द्राक्षाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

घड तोडला की पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून तो शून्य अंशाच्या आसपास आणतात. पेटीत सल्फर डायऑक्साइडचं पॅड ठेवतात, बुरशी येऊ नये म्हणून. त्या पॅडची ताकद दिवसागणिक संपत जाते. प्रवास लांबला की आधी देठ वाळतो, तपकिरी होतो. मणी अजून गोड असतो, खाण्यालायक असतो, पण युरोपातला ग्राहक देठ बघतो. मग मणी सुटतात, मग कूज. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2024 च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. त्याचं कारण हवामान नव्हतं, पण जास्तीचे दिवस मालाचं काय करतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आणि हे नुकसान कोण सोसतं? माझा सगळा राग इथे आहे. सागरी विम्यात जगभर इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस नावाची ठरावीक कलमं वापरतात, आपल्याकडेही. त्यातलं 4.5 कलम सांगतं की उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, मग तो उशीर विम्यात धरलेल्या धोक्यामुळे झालेला का असेना! म्हणजे वादळानं कंटेनर समुद्रात पडला तर योग्य कव्हर असेल तर भरपाई आहे. त्याच वादळानं तो आठ दिवस यार्डात उभा राहिला आणि माल कुजला, तर नाही. जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवरही, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीवरही, पोहोचायच्या तारखेची हमी सहसा नसते. उलट यार्डाचं भाडं आणि कंटेनर अडकल्याचा दंड तुमच्याच नावावर. माल कन्साइनमेंटवर, म्हणजे भाव न ठरवता विकायला, गेला असेल, तर तिकडे लिलावात मिळेल तो भाव आणि कपात थेट बागायतदाराच्या हिशेबात. वर्षभर छाटणी, डावणी, भुरी, गारपीट सांभाळलेल्या माणसाच्या माथी रॉटरडॅमच्या वाऱ्याचा खर्च मारणं मला मुळीच पटत नाही. निर्यातदार, विमा कंपन्या आणि सरकार यांनी एकत्र बसून उशिराचं कव्हर बनवायलाच हवं.

ते होईल तेव्हा होईल. या हंगामात तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सौदा करताना विचारा की भाव बांधावर पक्का होतोय की पोहोचल्यावर, आणि उशीर झाला तर कपात कोणाची. हे तोंडी नको, कागदावर घ्या. फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, विचारा की जहाज थेट जाणार का मधे कोलंबो किंवा दुबईच्या जेबेल अलीला माल दुसऱ्या जहाजावर चढवणार, कारण प्रत्येक बदलीत एक जहाज चुकायची शक्यता असते. रीफरचं मशीन बंद पडण्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, ते पॉलिसीत आहे का ते स्वतः वाचा. आणि पेट्यांमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर ठेवतात, त्याची पूर्ण नोंद माल उतरल्यावर मागून घ्या. माल उशिरानं खराब झाला की थंडावा तुटल्यानं, हे ठरवणारा तो एकच कागद आहे. उशिराचा दावा फेटाळला जातो, थंडावा तुटल्याचा दावा योग्य कव्हर असेल तर उभा राहू शकतो.