परत येणारे मन

मित्रहो,

12 डिसेंबर 1626 रोजी लंडनमध्ये एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी जॉन डन यांनी प्रवचन केले. डन तेव्हा सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन होते आणि कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. त्या दिवशी त्यांनी भर सभेत कबूल केले की, आपण खोलीत गुडघे टेकून देवाला आणि त्याच्या दूतांना पाचारण करतो, पण ते आले की एखादी माशी गुणगुणली, रस्त्यावरून गाडी खडखडत गेली किंवा दार करकरले, एवढ्यावरून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवतो. जवळजवळ 400 वर्षांपूर्वीची ही कबुली वाचताना मला दरवेळी धीर येतो, कारण खिशातल्या फोनला दोष देण्याची सोय डन यांना नव्हती. मनाचे भटकणे यंत्रांनी आणलेले नाही. यंत्रांनी फक्त त्याला चांगले रस्ते बांधून दिले आहेत.

आजचा विषय आहे, ख्रिस्ती जीवनात आपले विचार देवावर कसे ठेवावेत. या विषयावर बोलताना पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच येतो: प्रार्थनेच्या वेळी इतर विचार येऊच नयेत यासाठी काय करावे? माझ्या मते या प्रश्नातच थोडी चूक आहे. त्यात असे गृहीत धरलेले असते की विचार थांबले, मन रिकामे झाले, की देव आपोआप तेथे येईल. पवित्र शास्त्राला असे रिकामे मन फारसे ठाऊक नाही. पहिल्या स्तोत्रात धन्य मनुष्य परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे, आणि तेथे ‘मनन’ या अर्थी जे हिब्रू क्रियापद आले आहे त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे, गुरगुरणे असा आहे. यशयाच्या 31व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि 38व्या अध्यायात घुमणाऱ्या पारव्यासाठी तेच क्रियापद वापरले आहे. यहोशवाला देवाने जी आज्ञा दिली तिच्यातही, हा नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ नये, असेच शब्द आहेत. मनन ही अशी ओठांना, जिभेला आणि श्वासाला कामाला लावणारी गोष्ट आहे. मन एका जागी बसत नाही हे शास्त्राने ओळखले आहे, आणि म्हणून त्याला चघळायला वचन दिले आहे.

इजिप्तच्या अरण्यात चौथ्या शतकात जे मठवासी राहत होते त्यांनी या विषयाचा जितका बारकाईने विचार केला तितका नंतर क्वचितच कोणी केला असेल. त्यांच्यापैकी एव्हाग्रियस (सुमारे 345 ते 399) हा विद्वान माणूस कॉन्स्टँटिनोपलमधली मानाची जागा सोडून तेथे आला होता. माणसाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ प्रकार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आत्मिक कंटाळा, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. त्याचे एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. हे विचार आपल्याला येऊन छळतील की नाही, हे आपल्या हातात नाही. ते आपल्याकडे मुक्काम करतील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. कितीतरी प्रामाणिक ख्रिस्ती माणसे विचार आला याचाच अपराध मानून घेतात आणि मग त्या अपराधाचा विचार करण्यातच प्रार्थनेचा वेळ घालवतात.

याच एव्हाग्रियसने विचारांना प्रत्युत्तर देण्यासाठी जवळपास 500 शास्त्रवचने निवडून त्यांचा एक संग्रह केला: अमुक विचार आला तर हे वचन म्हण, तमुक आला तर ते. ही कल्पना त्याने प्रभू येशूच्या परीक्षेच्या प्रसंगावरून घेतली. अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले वचन उच्चारले, आणि एकाही वेळी लांबलचक वाद घातला नाही. वाद घालत बसले की विचाराला खुर्ची मिळते, असे अनुभवी लोक सांगतात ते खरेच आहे.

पण आलेल्या प्रत्येक विचाराला वचन फेकून मारावे, असेही मी म्हणणार नाही. प्रार्थनेत मन वारंवार एकाच ठिकाणी जात असेल, तर ते आपल्याला काहीतरी सांगत असते. जेथे तुमचे धन आहे तेथे तुमचे मनही लागेल, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात म्हटले; ते उलट्या बाजूनेही वाचता येते, म्हणजे मन जेथे धावते आहे तेथे आपले धन पुरलेले असण्याचा संभव आहे. आजारी आईची आठवण येऊन प्रार्थना मोडत असेल, तर ती आठवण हाकलण्याचे काही कारण नाही; तिचेच नाव देवापुढे घ्यावे, मग व्यत्यय आणि प्रार्थना यांत फरकच उरत नाही. ज्याने आपला अपमान केला त्याला काय सुनवावे याची वाक्ये मनात जुळत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. त्या वाक्यांना प्रार्थनेचा पोशाख चढवून ती आणखी अर्धा तास घोळवणे ही मोठी फसवणूक आहे, आणि आपण सर्वांनी ती केलेली आहे. तेथे त्या माणसासाठी एक वाक्य प्रार्थना करावी आणि पुढे जावे.

आता 77व्या स्तोत्राकडे जरा सावकाश पाहू, कारण मन देवावर ठेवणे म्हणजे नेमके काय घडते हे मला त्या स्तोत्राइतके स्पष्ट दुसरीकडे दिसलेले नाही. स्तोत्र आसाफाचे आहे. रात्र आहे, हात पसरलेला आहे, डोळा लागत नाही, आणि बोलवतही नाही इतका तो माणूस व्याकूळ आहे. विशेष म्हणजे तो देवाचाच विचार करतो आहे. मी देवाचे स्मरण करतो आणि कण्हतो, असे तो म्हणतो. देवाचा विचार केला की लगेच शांती मिळते असे सांगणाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे. या माणसाला देवाच्या आठवणीनेच अधिक दुखते, कारण पूर्वीचे दिवस आणि आताचे दिवस यांचा मेळ त्याला लागत नाही. मग प्रश्न सुरू होतात: प्रभू सर्वकाळ टाकून देईल काय? त्याची दया कायमची संपली काय? कृपा करायचे देव विसरला काय? हे प्रश्न स्तोत्रात तसेच राहू दिले आहेत, कोणी येऊन त्याला गप्प केलेले नाही.

स्तोत्राच्या मध्यावर वळण येते, आणि ते भावनेचे नसून निश्चयाचे आहे: मी परमेश्वराच्या कृत्यांचे स्मरण करीन. पहिल्या स्तोत्रात आलेले पुटपुटण्याचे क्रियापद येथेही आहे. आतापर्यंत तो देवाविषयी विचार करत होता खरा, पण त्या विचाराच्या केंद्रस्थानी स्वतःची अवस्था होती. आता तो देवाने जे केले त्याच्याकडे पाहू लागतो. यानंतर जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘तू’, ‘तुझा’, ‘तुझे’ येते आणि पहिल्या भागात जागोजागी असलेला ‘मी’ दिसेनासा होतो. समुद्राने देवाला पाहिले, पाणी थरारले, मेघगर्जना झाली, आणि मग तो सांगतो की देवाची वाट समुद्रातून गेली पण त्याची पावले कोणाला दिसली नाहीत. ज्याला आज देवाची पावले दिसत नाहीत तो माणूस आठवणीतून हे शोधून काढतो की, इस्राएल लोक समुद्रातून इजिप्तबाहेर पडले त्या सर्वांत मोठ्या सुटकेच्या दिवशीही ती दिसली नव्हती. मोशे आणि अहरोन यांच्या हातून तू आपल्या लोकांना कळपासारखे नेलेस, एवढे म्हणून स्तोत्र अचानक थांबते. रात्रीच्या त्या दुःखाचे पुढे काय झाले, ते कळत नाही. कदाचित दुःख तसेच असेल, पण बोलणाऱ्याचे तोंड दुसरीकडे वळले आहे.

नव्या करारातही हा वळण्याचा भाग असाच जमिनीवरचा आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध, त्याचे मनन करा. भिंतीवर टांगायला हे वाक्य फार सोयीचे आहे, पण ते कोठे आले आहे ते पाहा. लिहिणारा बंधनात आहे, आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांनी एकचित्त व्हावे म्हणून तो त्यांना नावे घेऊन विनवतो आहे. मंडळीतल्या एका मतभेदाच्या शेजारी हे मनन आले आहे. तेथे पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद हिशेब मांडण्याचे आहे. एखाद्याविषयी मन कडवट झाले असताना त्याच्या चांगल्या गोष्टीही खात्यावर मांडायच्या, असा त्याचा रोख मला दिसतो. कलस्सैकरांच्या पत्रातही वरील गोष्टींकडे मन लावा अशी आज्ञा येते, आणि त्याच अध्यायात पौल नवरा-बायको, मुले, नोकर यांच्या वागण्यावर बोलू लागतो. वर पाहणाऱ्याच्या पायाखाली त्याला घर दिसते, आणि ते त्याला कमी दर्जाचे वाटत नाही.

ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी अनेकांनी ऐकले असेल. 1614 साली लॉरेनमध्ये जन्मलेला हा माणूस आधी सैनिक होता, पुढे पॅरिसच्या कार्मेलाईट मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला, आणि त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, ज्याची त्याला स्वभावतः नावड होती. देवाच्या सान्निध्यात राहण्याविषयीची त्याची संभाषणे आणि पत्रे, तो 1691 मध्ये वारल्यानंतर, प्रसिद्ध झाली. भांड्यांच्या खणखणाटातही गुडघे टेकल्याइतकीच शांती लाभते हे त्याचे म्हणणे सगळे सांगतात. त्याआधी सुमारे दहा वर्षे आपण फार त्रासात काढली, हेही त्याने सांगितले आहे, पण ते सांगणारे कमी भेटतात. मला त्याची एक सवय अधिक उपयोगाची वाटते. आपण देवाला विसरलो असे लक्षात आले की तो देवाला सांगे: तू मला माझ्यावर सोडलेस तर मी असाच वागणार, मला सावरणे तुझ्याकडे आहे. एवढे बोलून तो पुन्हा कामाला लागे आणि झाल्या गोष्टीची खंत करत बसत नसे. मन घसरण्याला पाच मिनिटे लागतात आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावण्यात आपण तासभर घालवतो, ही बेरीज त्याने पुसून टाकली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही माणसांच्या मनात नको असलेले, किळसवाणे, भीतिदायक विचार हट्टाने येत राहतात, काहींवर खिन्नतेचे असे सावट असते की वचन वाचले तरी शब्द आत जात नाहीत. अशांना विश्वास कमी पडतो असे सांगणे हा त्यांच्यावर दुसरा घाव आहे. त्यांना डॉक्टरांची आणि समुपदेशकाची गरज असू शकते, आणि तेथे जाण्यात देवाकडे पाठ फिरवणे काहीही नाही. 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता. दूताने त्याला मनन करायला सांगितले नाही. त्याला स्पर्श केला, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेला देवाचा मंद स्वर त्यानंतर, पुष्कळ चालणे झाल्यावर आला.

शेवटी पुन्हा इजिप्तच्या अरण्यात जाऊ. जॉन कॅसियन (सुमारे 360 ते 435) आपला सोबती जर्मानस याच्याबरोबर अब्बा आयझॅक नावाच्या वृद्ध मठवाशाकडे गेला, आणि पुढे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, स्थायिक झाल्यावर त्याने ती संभाषणे लिहून काढली. जर्मानसची तक्रार आपल्या ओळखीची आहे. एका स्तोत्राचा विचार धरला की मन नकळत दुसऱ्या उताऱ्यावर जाते, तेथून तिसऱ्यावर, आणि कोठेच मुरत नाही. म्हणजे विषय पवित्र असला तरी भटकणे सुटत नाही. आयझॅकने त्याला 70व्या स्तोत्राची पहिली ओळ दिली होती: हे देवा, माझ्या साहाय्याला ये, हे प्रभू, मला मदत करण्यास त्वरा कर. ती कधी म्हणायची याची त्याने केलेली यादी मोठी माणुसकीची आहे. भूक अनावर झाली तर, रागाने अंग तापले तर, वाचायला बसल्यावर डोके दुखू लागले तर, झोपेने चेहरा पवित्र ग्रंथाच्या पानावर टेकला तर, आणि सगळे उत्तम चालले असून मन फुगू लागले तरीही. प्रार्थनेत लक्ष लागत नाही या अडचणीसाठी त्याने सांगितलेली प्रार्थना ही मदतीची हाक होती. लक्ष लागल्यानंतर करायची वेगळी प्रार्थना त्याने दिली नाही. तीच ओळ दोन्हीकडे.

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतून ही ओळ पाश्चात्त्य मठांच्या नित्य उपासनेत रुजली, आणि आजही दिवसाच्या ठरावीक वेळांच्या प्रार्थना तिनेच सुरू होतात. काही तासांपूर्वीच त्याच बाकावरून प्रार्थना करून उठलेला माणूस पुन्हा येतो, उभा राहतो, आणि जणू इतका वेळ देवापासून कोठेतरी दूर गेला होता अशा स्वरात म्हणतो: हे देवा, माझ्या साहाय्याला ये.