केसपेपरवरची एक नोंद

(दृश्य : तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समिती. ट्रकमधून गोणी उतरवणारे माथाडी कामगार.)

निवेदन : नवी मुंबईतील या घाऊक बाजारात तंबाखू आणि चुन्याची डबी अनेकांच्या खिशात सापडते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू, गुटखा, मिसरी यांसारखे धूरविरहित पदार्थ वापरणारे २४.४ टक्के.

(दृश्य : नागरी आरोग्य केंद्राबाहेरची रांग.)

आरोग्य यंत्रणेला ही माणसे अनोळखी नाहीत. तिशी ओलांडलेल्यांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीसाठी आशा सेविका जो अर्ज भरतात, त्यात तंबाखूविषयीचा प्रश्न असतोच. मात्र ‘होय’ असे उत्तर लिहून घेतल्यावर गोष्ट पुष्कळदा तिथेच थांबते. व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. पण तो फिरवण्याचे काम व्यसनात अडकलेल्या माणसावरच सोडलेले असते.

हे काम नोंदीकडे सोपवले तर काय होते, हे अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा दवाखाने होते. पाच दवाखान्यांत रुग्णाच्या हाती केवळ व्यसनमुक्तीच्या मोफत दूरध्वनी सेवेची माहिती देणारे कार्ड देण्यात आले. उरलेल्या पाचांत, रुग्णाची तयारी असल्यास, संगणकीय नोंदीतूनच त्याचा क्रमांक त्या सेवेच्या समुपदेशकांकडे गेला आणि त्यांनी होऊन फोन केला. पहिल्या गटातील ०.६ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी उपचारासाठी नाव नोंदवले, दुसऱ्या गटातील ७.८ टक्क्यांनी. सल्ला तोच असताना केवळ फोन कोणी करायचा, एवढ्याने तेरापट फरक पडला.

साध्या संदेशांचीही ताकद कमी नाही. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांच्या अभ्यासात, आहार-व्यायामाचे संदेश मोबाइलवर नियमित मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना दोन वर्षांत मधुमेह झाला. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते.

(दृश्य : मोबाइलवर चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा आरोग्य ओळख क्रमांक.)

रुग्णांच्या आरोग्यनोंदी संगणकाद्वारे जोडण्यासाठी २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे अशी जोडणी आपल्याकडेही करता येईल. मात्र केसपेपरवरची माहिती ही रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही. मिसरी लावणाऱ्या बाईने आरोग्य केंद्रात दिलेला क्रमांक कित्येकदा मुलाचा असतो आणि सासूपासून लपवलेली सवय एका संदेशाने घरभर होऊ शकते. म्हणूनच ‘या क्रमांकावर फोन केला तर चालेल का, आणि कोणत्या वेळी?’ हे तिलाच विचारले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीपूर्वीची सूचना मराठीतही मिळण्याचा पर्याय हवा आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. रांगेत घाईघाईने घेतलेल्या अंगठ्याला संमती मानता येणार नाही.

आणखी एक दुवा हमखास राहून जातो. समुपदेशकाचा फोन झाला का, रुग्णाने तंबाखू सोडण्याचा दिवस ठरवला का, मध्येच पुन्हा सुरू झाली का, हे रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदीत परत आले, तरच पुढच्या खेपेला रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणारे डॉक्टर त्याला त्याबद्दल विचारू शकतील.