दोन रात्रींचा समुद्र

(दृश्य: ब्रह्मगिरीचा कडा, पहाट. खाली त्र्यंबकेश्वर.)

गोदावरीचा उगम इथला. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, तरी ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच त्र्यंबकच्या डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेचा समुद्र गाठते. नाशिककरांचं गोदावरीसारखंच, समुद्राकडे पाठ. पाण्याची ओळख रामकुंडाची, फार तर गंगापूर धरणावरच्या बोटिंगची. पण कसारा घाट उतरून गेलं की काही तासांत समुद्र समोर असतो, आणि आता त्या समुद्रावर क्रूझच्या जहाजातून दोन रात्री मुक्काम करायची हौस इथल्या घराघरांत दिसू लागली आहे.

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन, फलाटावर गर्दी.)

इंदिरानगरचं एक कुटुंब. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस येते. सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली की बॅलार्ड पिअरचा धक्का जवळच. एकेकाळी विलायतेहून आलेले प्रवासी इथं बोटीतून उतरून थेट पेशावरच्या गाडीत बसायचे. आज इथून क्रूझ सुटते.

आणि इथंच पहिला त्रास सुरू होतो. सामानाला चिठ्ठी लावून ते ताब्यात घेतात. मग आधार कार्ड, बोर्डिंग पास, सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग. आमच्यासमोर आजी तासाभराहून अधिक उभ्या होत्या, जवळ खुर्ची नव्हती. सत्तरीच्या माणसाला एवढं उभं ठेवणं बरं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. शिवाय चिठ्ठी लावलेली बॅग खोलीच्या दाराशी पोचायला संध्याकाळ होऊ शकते. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या, चष्मा, एक कपडा हातातल्या पिशवीतच ठेवावा.

(दृश्य: जहाजाची आतली लॉबी, जिने, काचेची लिफ्ट.)

आत पाऊल टाकलं की मुलं हरखतात. साहजिकच आहे. एवढी मोठी लोखंडी वस्तू पाण्यावर तरंगते आहे, तिच्यात नाट्यगृह आहे, पोहण्याचा तलाव आहे, यात नवल वाटण्यासारखं खूप आहे. निघण्याआधी सात लहान आणि एक लांब भोंगा वाजतो. तो धोक्याचा इशारा; तो वाजला की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. कंटाळा न करता नीट ऐकावी.

(दृश्य: जहाज धक्क्यापासून सुटतं आहे.)

हे निघणं मात्र चुकवू नका. बहुतेक लोक या वेळी बुफेच्या रांगेत असतात. वर डेकवर या. उजव्या हाताला कुलाब्याचं टोक मागे पडतं आणि समुद्रात उभं असलेलं प्राँग्जचं दीपगृह दिसतं, १८७५ सालचं. पुढे डाव्या हाताला, अलिबागजवळच्या थळच्या समोर खांदेरी. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून बांधलेला जलदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत हा खांदेरी आहे आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही आहे. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आणि समुद्राच्या लाटांत उभा असलेला हा, दोन्ही एकाच यादीत! नातवाला हे सांगितल्यावर तो कठड्यापासून हलेना.

(दृश्य: बुफे, संगीत, झगमगाट.)

पुढचे काही तास जहाज तुम्हाला मोकळं सोडत नाही. जादूचे प्रयोग, बिंगो, कॅसिनो, तलावाकाठी कानठळ्या बसवणारी गाणी. जेवण भरपूर, जैन पदार्थही मिळतात. पण ताटात टाकलेलं अन्न पाहून जीव कळवळतो. पैसे भरलेत म्हणून सगळं घ्यायचं, हा हिशेब पोटाला झेपत नाही. जेवण तिकिटात असलं तरी दारू, वायफाय, स्पा यांचे पैसे वेगळे. बुकिंग करतानाच पोर्ट चार्ज, जीएसटी आणि सेवेचे पैसे धरून एकूण आकडा विचारावा. फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क चुकून पकडलं, तर रोमिंगचं बिल जबर येऊ शकतं.

आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला विचारलं, "अरे, समुद्र कुठंय? मघापासून नुसतं हॉटेलच दाखवतोयस."

त्यांचं अगदी खरं होतं. त्यांची खोली आतली, बिनखिडकीची. स्वस्त म्हणून घेतलेली. दिवस आहे की रात्र, कळायला मार्ग नाही. ऐपतीत बसत असेल तर खिडकीची खोली घ्या, नाहीतर खोलीत फक्त झोपायला जा. संध्याकाळी पाचला सुटलेलं जहाज तिसऱ्या दिवशी सकाळी सातला परत लागलं, तर हाती असतात ३८ तास. त्यातून दोन रात्रींची झोप वजा करा. उरलेल्या वेळात गाणी आणि पनीर कशाला? ती कॉलेज रोडवरही मिळतात. समुद्र तिथं मिळत नाही.

(दृश्य: डेक. वारा. आजी खुर्चीत, पदर सावरत.)

बोट लागण्याचं म्हणाल, तर त्याचं कारण साधं आहे. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण हलतो आहोत, डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, मेंदू गोंधळतो. म्हणून बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहावं. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर मागावी. सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल जास्त हलतं, मधलं कमी, तसंच इथं. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. सूनबाईंनी आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्यांनीही मागून नेल्या.

दक्षिणेला जाताना उजव्या कठड्यावर सूर्यास्त, परतताना डाव्या. रात्री मागच्या डेकवर या, जिथं दिवे कमी असतील तिथं. जहाज वीस नॉटनं म्हणजे ताशी ३७ किलोमीटरनं धावत असेल, मागे फेसाची पांढरी वाट लांबवर जाते आणि वर इतके तारे असतात की आजी एकेक नक्षत्र ओळखून नातीला दाखवू लागल्या. मृग, रोहिणी, कृत्तिका. या एका तासासाठी तिकिटाचे पैसे मोजावेत, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: सकाळ. बोळात रांगेनं ठेवलेल्या बॅगा.)

शेवटची सकाळ घाईची. बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर, बिल चुकतं केलेलं, आणि उजाडताच खोली सोडायची. लोक चिडतात, कामगारांवर ओरडतात. पण याच खोलीत दुपारी नवं कुटुंब येणार असतं. चादर बदलणारा, संडास धुणारा मुलगा पहाटेपासून उभा असतो. समुद्रावर काम करणाऱ्यांना २४ तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. असा नियम लिहावा लागला, यावरूनच कामाचा भार कळतो. हॉटेल मॅनेजमेंट शिकून जहाजावर जाणारी मुलं आपल्याकडचीही आहेत, महिनोन्‌महिने घरापासून दूर. त्यांच्याशी दोन शब्द मराठीत बोला.

आजींनी उतरताना त्या मुलाला उरलेला आलेपाक दिला आणि विचारलं, "घरी फोन केलास का रे?"