मेस्तांच्या भट्टीतला लोहचुंबक

[दृश्य : भाता, निखारे, सांडशीतली पट्टी]

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली ही लोहाराची भट्टी. गावात ह्यांना सगळे मेस्त म्हणतात. ऐरणीवर आहे तो खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा. त्याचा आता पाडेल्यासाठी, म्हणजे नारळ पाडणाऱ्यासाठी, कोयता व्हायचा आहे.

तारेला टांगलेला हा लोहचुंबक बघा. पट्टी लाल झाली, तरी तो तिच्याकडे झेपावतो. मेस्त मान हलवतात. अजून नाही. पट्टी पुन्हा निखाऱ्यात जाते, भाता चालू राहतो. आता बघा, चुंबक सरळ लटकतोय. पट्टी जवळ आली तरी हलत नाही.

शुद्ध लोखंड ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला दाद देईनासं होतं. पाट्याच्या पोलादात साधारण ०.६ टक्का कार्बन असतो. तिथे त्याच्या थोडं आधीच फेराइटचे, म्हणजे लोखंडाच्या नेहमीच्या स्फटिकरचनेचे, कण मोडतात आणि ऑस्टेनाइट ही दुसरी रचना तयार होते. ऑस्टेनाइटला चुंबक ओढत नाही, पण कार्बन त्यात छान विरघळतो. धारेला पाणी द्यायची वेळ जवळ आली, हे मेस्तांना चुंबकच सांगतो. वर थोडा ताव देतात आणि पट्टी बुडवतात. म्हणायचं पाणी, पण भांड्यात तेल आहे. पाण्यात पाट्याला तडा जायची भीती.

[दृश्य : दोन पट्ट्या, टाचण्यांची डबी]

एकाच पाट्याच्या ह्या दोन पट्ट्या. एक राखेत पुरून सावकाश निवू दिली, दुसरी तेलात विझवली. कार्बन दोन्हीत तेवढाच. दोन्हींवर चुंबक सारखाच घासला आणि टाचण्या लावून ठोकरलं. राखेतलीच्या टाचण्या झडल्या. तेलातलीने धरून ठेवल्या.

राखेत निवताना फेराइट आणि सिमेंटाइट (लोखंड आणि कार्बनचं संयुग) यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. हे पर्लाइट. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांतल्या शिंपल्यांसारखी त्याला झळाळी असते, नाव त्यावरूनच पडलं. तेलात मात्र कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अडकतो, स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि टणक मार्टेन्साइट होतं.

लोखंडात एकाच दिशेला तोंड केलेल्या अणूंचे गट असतात. १९०७ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ प्येर व्हाइस यांनी ही कल्पना मांडली. बाहेरून चुंबक आला की ह्या गटांच्या सीमा सरकतात. मऊ लोखंडात त्या सहज सरकतात आणि सहज परततात. मार्टेन्साइटातल्या ताणांमध्ये मात्र त्या अडकून बसतात. म्हणून जुन्या होकायंत्राची सुई पाणी दिलेल्या पोलादाची असे आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात कार्बन जेवढा कमी तेवढा बरा.

हे सगळं धातुशास्त्र ह्या भट्टीत रोज घडतं. आमच्या शाळांनी मुलांना इथे एकदा तरी आणायलाच हवं. तेही लवकर, कारण कोळसा महागला, मेस्तांच्या हाताखाली नवा पोरगा नाही.

[दृश्य : तयार कोयता, जवळून]

कानशीच्या घासण्यातला कीस धारेला चिकटलाय. मेस्त तो फडक्याने पुसतात. थोडा राहतोच.