‘अजिबात चालणार नाही’, पण काय?

मंडळी, आमच्या गिरगावातल्या इमारतीत गेल्या वर्षी एका हळदीवरून अबोला झाला. ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, ‘रविवारी टाकी धुवायची आहे. 9 ते 1 पाणी बंद ठेवलं तर चालेल ना?’ पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकलं, ‘मुलीच्या हळदीला गच्चीवर मांडव घालतोय, कोणाची हरकत नाही ना?’ तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलेलं उत्तर येऊन पडलं. ‘अजिबात चालणार नाही.’ आजोबा बिचारे पाण्याबद्दल बोलत होते. काकू दोन दिवस जिन्यात त्यांच्याकडे बघेनात.

ज्याला उत्तर द्यायचं तो मेसेज बोटाने उजवीकडे सरकवायचा, की तो आपल्या उत्तराच्या डोक्यावर येऊन बसतो. आजोबांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

ही भानगड व्हॉट्सअ‍ॅपने आणलेली नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना 1979 मध्ये युझनेटची, म्हणजे संगणकांवरून चालणाऱ्या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना सुचली. त्या चर्चागटांत दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीआधी बाणाच्या टोकासारखी एक खूण लावायची पद्धत रुळली. उत्तराला उत्तर आलं की दोन खुणा, पुढे तीन. कोण कोणाला बोलतंय ते समासाकडे बघूनच कळायचं. पण माणूस तिथेही आळशीच. शंभर ओळींचं पत्र जसंच्या तसं खाली ओढायचं आणि वर लिहायचं, ‘सहमत.’

आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवर लिहिण्याच्या शिष्टाचाराची एक नियमावली लिहिली, तिचं नाव आरएफसी 1855. त्यात म्हटलंय की उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ कळेल एवढाच भाग ठेवा. मेसेजखालची नाव-पत्त्याची सही चार ओळींपेक्षा लांब नको, कारण वाचणारा मिनिटाला पैसे मोजत असेल. आता मिनिटाचे पैसे नाहीत. पण विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वाचणारा माणूस आहेच की! त्याने वरचे चाळीस मेसेज शोधत बसायचं का?

खरं तर आपल्याला हे शिकवायला इंटेल कशाला हवी? ज्ञानेश्वरीची छापील प्रत उघडा. आधी श्लोक, त्याच्याखाली त्या श्लोकावरच्या ओव्या, मग पुढचा श्लोक. गीतेचे 700 श्लोक आणि ओव्या नऊ हजारांच्या घरात, पण कुठली ओवी कुठल्या श्लोकाची, याचा घोळ होत नाही. त्या लिखाणाला आपण टीका म्हणतो. ग्रुपवरच्या टीकेचं मात्र काय झालंय ते तुम्ही बघताच.

आणि तिथे मला आजोबांपेक्षा हुशार माणसांची भीती जास्त वाटते. पार्किंगच्या वादात मी लिहिलं होतं, ‘भाडेकरूंनी गाडी लावायला माझी हरकत नाही, पण आधी सभासदांची सोय लागू दे.’ रिप्लाय दाबला असता तर माझं पूर्ण वाक्य हाताशी राहिलं असतं. एका गृहस्थांनी ते कॉपी केलं, स्वल्पविरामापाशी तोडलं आणि कमिटीच्या ग्रुपवर नेऊन ठेवलं. ‘हरकत नाही, असं हे स्वतःच म्हणालेत.’ शब्द माझेच, एकही बदललेला नाही! मी नाकारू काय? पुढचे आठ दिवस मी पार्किंगबद्दल बोललोच नाही, त्या ‘पण’बद्दल बोलत होतो.

जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडत. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्यानेच मान डोलवावी, खंडन नंतर. मी हल्ली उत्तर लिहिण्याआधी एवढंच बघतो, की मी उचललेला तुकडा वाचून तो माणूस ‘हो, हेच म्हणालो होतो’ म्हणेल का. नसेल म्हणणार, तर आणखी एक ओळ उचलतो. वगळलंच काही, तर तिथे तीन टिंबं देतो. आणि एका ग्रुपवरचं दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी विचारतो. स्क्रीनशॉटवाल्यांनो, हे तुम्हालाही.

हळद झाली, बरं का. रविवारीच. आजोबा पहिल्या पंगतीला होते, आणि टाकी सोमवारी धुतली.