कड्यांचं भिंग: अंतर आणि बाजू

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आले की बडोद्यात दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत मंडळांचे स्टेज उभे राहू लागतात आणि भाड्याचे दिवे येतात. त्यांतल्या ज्या दिव्याच्या तोंडाशी गोल गोल कड्यांची जाड काच असते, तो फ्रेनेल. आज त्या काचेविषयी बोलू.

दीपगृहासाठी मोठं बहिर्वक्र भिंग घडवायचं तर ते फार जाड आणि जड होतं, वर प्रकाशही खातं. फ्रेंच इंजिनीअर ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी हेरलं, की प्रकाश वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागावर, पोटातल्या काचेचा त्याला उपयोग नाही. त्यांनी पृष्ठभागाची वक्रता कड्याकड्यांनी तशीच ठेवली आणि आतली काच वगळली. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात ते भिंग बसलं.

स्टेजच्या दिव्यात बल्ब आणि त्यामागचा आरसा एकाच सरकत्या गाडीवर असतात. गाडी भिंगाजवळ आणली की झोत पसरतो आणि मागे, म्हणजे भिंगाच्या नाभीकडे नेली की आवळतो. बल्ब होल्डरमध्ये पुरता बसला नसेल तर फिलॅमेंट आरशाच्या मध्यावर येत नाही आणि झोत एका बाजूला मळका दिसतो. तेव्हा दोष भिंगाला देऊ नका. आधी मेन स्विच बंद करा, दिवा थंड होऊ द्या आणि बल्ब नीट दाबून बसवा. हॅलोजनला उघडं बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणामुळे काच तिथे जास्त तापते आणि बल्ब फुटू शकतो. बोट लागलंच तर थंड बल्ब स्पिरिटने पुसून घ्या.

भाद्रपदात पाऊस असतोच. तापलेल्या भिंगावर शिंतोडे आले की तडा जातो, म्हणून उघड्या मंडपात दिव्यावर छत हवंच. भिंगाच्या क्लिपाही करकचून आवळू नका, तापल्यावर काचेला फुगायला जागा लागते. पुढची जाळी आणि सेफ्टी चेन काढून ठेवणं तर अक्षम्यच, कारण खाली माणसं बसलेली असतात.

आत घरगुती एलईडी बल्ब लावून वीज वाचवायचा मोह होतो. पण हे भिंग छोट्या, एकवटलेल्या प्रकाशासाठी आहे. मोठ्या गोळ्याचा उजेड आवळला जात नाही, आणि सुटे सुटे एलईडी दिसत असतील तर पडद्यावर ठिपके उमटतात.

जिन्यात माणूस आला की दिवा लावणाऱ्या सेन्सरवरची पांढुरकी टोपीसुद्धा फ्रेनेल भिंगांचीच असते. ती पॉलिथिनची असते, कारण शरीराच्या उष्णतेचे किरण साध्या काचेतून जात नाहीत. म्हणून तिच्यावर काचेचं झाकण बसवलं किंवा रंगाऱ्याने डिस्टेंपर फिरवला की सेन्सर आंधळा होतो. मे महिन्यात आपल्याकडे भिंतीच शरीराइतक्या तापतात, फरक उरत नाही, आणि सेन्सरचा पल्ला घटतो. तो बिघाड नव्हे. सेन्सर असा लावा की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ अंगावर चालत आलेला माणूस त्याला उशिरा कळतो.

आता वाचनाचं प्लॅस्टिकचं पातळ भिंग, तेही कड्यांचं फ्रेनेलच. त्याचं नाभीय अंतर मोजायचं तर खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा, बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत मागेपुढे करा आणि भिंतीपासूनचं अंतर मोजा. खाचांची बाजू झाडाकडे ठेवली की प्रतिमा जास्त स्वच्छ येते. खाचांतली धूळ मऊ ब्रशने काढा, मग सौम्य साबणाचं पाणी. इथे मात्र स्पिरिट नको, ॲक्रिलिकवर बारीक चिरा पडतात.

ही मोजणी सूर्यावर कधीही करू नका. ३० बाय २० सेंटीमीटरच्या भिंगावर भर दुपारी सुमारे ६० वॅट ऊन पडतं, आणि त्यातलं बहुतेक बोटभर जागेत गोळा झालं की पडदा किंवा गादी पेटायला वेळ लागत नाही. म्हणून वाचून झालं की भिंग जाड कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. खिडकीच्या कठड्यावर नको, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.